पेत्राच्या मागे सहा दिवस

दिवस पहिला : तिबिर्या

विमानतळावरून बस निघाली तेव्हा दुपार कलत होती. शेवटच्या टप्प्यात रस्ता सारखा उतरत जातो, कानात दडे बसतात. वाटेत समुद्रसपाटीची खूण दाखवणारा फलक लागतो आणि त्यानंतरही बस खाली खालीच जात राहते, कारण गालील समुद्राचं पाणी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 210 मीटर खाली आहे. त्याला समुद्र म्हणायची पद्धत पडली आहे इतकंच. प्रत्यक्षात ते गोड्या पाण्याचं सरोवर, लांबी साधारण 21 किलोमीटर, रुंदी 13. लहानपणापासून येशूने इथे वादळ शांत केल्याची गोष्ट ऐकून मी मनात जो अथांग पसारा रंगवला होता, त्यापेक्षा हे फारच आटोपशीर निघालं. पलीकडचा किनारा स्पष्ट दिसत होता.

2019 च्या मार्चमधली ही इस्राएलची यात्रा. आम्ही बावीस जण होतो. पाळकसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "या वेळी सगळं पाहायचं नाही. पेत्राच्या मागे मागे जायचं." मी नाव नोंदवलं ते तेवढ्यासाठीच. प्रेषितांमध्ये, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांमध्ये, मला तोच सगळ्यात जवळचा वाटत आला आहे. आधी बोलतो, मग विचार करतो, मग रडतो, आणि तरीही सोडून जात नाही.

मी एक ओझं घेऊन आलो होतो, ते इथेच सांगून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्यावर हिशेबातल्या गफलतीचा ठपका आला. चूक त्याची नव्हती. ज्या बैठकीत त्याला ते आकडे तसे लिहायला सांगितलं गेलं, त्या बैठकीत मी बसलेलो होतो. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला यातलं काही माहीत नाही." त्याची नोकरी गेली, माझी राहिली. त्यानंतर मी एकही उपासना चुकवली नाही, मंडळीच्या कमिटीत काम केलं, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दिला. त्याला मात्र एकदाही फोन केला नाही.

दिवस दुसरा : गिनोसर, कफर्णहूम, ताबघा

सकाळी गिनोसरला होडी पाहिली. 1986 मध्ये दुष्काळाने सरोवराचं पाणी खूप खाली गेलं होतं, तेव्हा इथल्या दोघा भावांना चिखलात तिचा आकार दिसला. बारा दिवस-रात्र खपून ती बाहेर काढली. लाकूड इतकं भिजून मऊ झालेलं की उचलणं शक्यच नव्हतं. मग तिला फायबरग्लास आणि फोमचं वेष्टन चढवलं आणि त्याच सरोवराच्या पाण्यावर तरंगवत किनाऱ्याने आणलं. पुढे कित्येक वर्षं ती मेणासारख्या द्रावणात ठेवली होती, लाकडातल्या पाण्याची जागा त्याने भरून निघावी म्हणून. आता ती धातूच्या चौकटीवर, मंद उजेडात उभी आहे. लांबी 8 मीटरहून थोडी जास्त, रुंदी सव्वादोनच्या आसपास. काळ साधारण येशूच्याच आगेमागेचा. ती पेत्राचीच, असा दावा तिथे कुणी करत नाही आणि ते मला बरं वाटलं.

मी कठड्याला टेकून बराच वेळ तिच्याकडे पाहत होतो. फळ्या एका जातीच्या नाहीत. मुख्य फळ्या देवदाराच्या, फासळ्या बहुतेक ओकच्या, आणि बाकी मिळेल ते. किमान दहा जातींची लाकडं तिच्यात सापडली आहेत. एका ठिकाणी फळी संपते आणि तिच्या पोटात हातभर लांबीचा दुसरा तुकडा बसवलेला दिसतो, कडा नीट जुळत नाहीत, खुंट्या मारून धरून ठेवलाय. कुणीतरी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली होती. जुन्या होडीची चांगली फळी काढून हिला लावली असेल, हिचं काही काढून तिसरीला. अशा होडीत बसून ती माणसं रात्रभर जाळी टाकत होती.

तिथून कफर्णहूम. सगळं गाव काळ्या बेसॉल्ट दगडाचं. 1968 पासून फ्रान्सिस्कन अभ्यासकांनी इथल्या एका घराचं उत्खनन केलं. त्या घराची एक खोली पहिल्या शतकातच वेगळी काढून तिच्या भिंतींना गिलावा केला होता, पुढे पाचव्या शतकात तिच्यावर अष्टकोनी चर्च उभं राहिलं. परंपरेने ते पेत्राचं घर. आता त्याच्यावर खांबांवर पेललेलं नवं चर्च आहे, 1990 मध्ये अर्पण झालेलं. मधोमध काचेची जमीन आणि काचेखाली ती खोली. याच घरात पेत्राची सासू तापाने पडली होती. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की ताप निघाला आणि ती त्यांची सेवा करू लागली. पाळकसाहेब एवढं वाचून थांबले.

इथेच माझ्याकडून एक वाईट वागणं घडलं. आमच्या गटात एक मावशी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, जुन्या नर्स. गुडघे दुखत असल्यामुळे हळू चालायच्या आणि सगळ्यांना टाकून बोलायच्या. बसमधली सीट, हॉटेलमधली उशी, पाळकसाहेबांचं लांबलेलं प्रवचन, कशावरून तरी त्यांचं बिनसलेलं असे. कफर्णहूमला सभास्थानाच्या पांढऱ्या खांबांपाशी त्या बसून राहिल्या आणि बस वीस मिनिटं खोळंबली. त्या आल्यावर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, चालवत नव्हतं तर यायचं कशाला?" बसमध्ये एकदम शांतता झाली. त्या काही बोलल्या नाहीत, हे विशेष. खिडकीशी जाऊन बसल्या.

ताबघाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अगदी पाण्याच्या कडेला काळ्या दगडाचं छोटंसं चर्च आहे, 1933 चं. आत वेदीपुढे एक मोठा खडक तसाच ठेवलाय. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांसाठी विस्तवावर मासे भाजले, भाकर ठेवली, ती ही जागा असं मानतात. इथेच त्याने पेत्राला तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून काम सांगितलं : माझी कोकरं चार, मेंढरं पाळ. मी बूट काढून पाण्यात उभा राहिलो. तळाला गोटे होते, पाय घसरत होते. प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे मावशींची पाठमोरी आकृती येत राहिली.

दिवस तिसरा : बान्यास

उत्तरेला हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी गेलो. जुनं नाव फिलिप्पाचं कैसरिया. उंच तांबूस कडा, त्यात मोठी गुहा, कड्यात कोरलेले कोनाडे, त्यात कधीकाळी पान नावाच्या ग्रीक देवाच्या मूर्ती असत. पायथ्यातून झरा फुटतो आणि खळाळत निघतो, पुढे तो यार्देनला मिळतो. इतक्या दैवतांच्या परिसरात येऊन येशूने विचारलं, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्राने उत्तर दिलं की तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस. त्यावर त्याला खडक हे नाव मिळालं (पेत्र या नावाचा अर्थ तोच), राज्याच्या किल्ल्यांचं वचन मिळालं. आणि मत्तयाच्या त्याच अध्यायात, जेमतेम काही ओळींनंतर, तोच पेत्र प्रभूला बाजूला घेऊन दटावतो आणि त्याला "सैताना" अशी हाक ऐकावी लागते. लहानपणी मला वाटायचं, पहिली गोष्ट खरी आणि दुसरी म्हणजे त्याची घसरण. झऱ्याकाठी बसून तो अध्याय सलग वाचला तेव्हा लक्षात आलं की येशूने खडक हे नाव परत घेतलेलं नाही.

दिवसाचं बाकी काही सांगण्यासारखं नाही. रात्रीचं सांगायला हवं.

पहाटे तीनच्या सुमारास पाणी आणायला मी खोलीबाहेर आलो. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ संध्याकाळपासून आजारी होते, उलट्या आणि जुलाब. मावशी त्यांच्या बाथरूममध्ये वाकून बादलीत चादर खळबळत होत्या. एक हात गुडघ्यावर, बाह्या कोपरापर्यंत वर. तोंडाने पुटपुटणं चालू होतं : सांगितलं होतं बाहेरचं पाणी पिऊ नका, ऐकायचं म्हणून नाही कुणाचं. मी चादर त्यांच्या हातातून घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे, तुला नीट पिळता येणार नाही." मग माझ्याकडे न बघताच, "आता आलाच आहेस तर त्यांच्या बाटलीत मीठ-साखर घाल. बेताने."

आम्ही दोघं उजाडेपर्यंत बसलो. दर दहा मिनिटांनी त्या चमच्याने त्यांना पाणी पाजत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू बोललास ते मला लागलं. पण मीही काल दोघांना तसंच बोलले. जीभ काही माझी सुधारत नाही रे. चाळीस वर्षं तीच प्रार्थना करतेय. ती ऐकली जाईपर्यंत हात बांधून बसू का?"

दिवस चौथा : यरुशलेम

आजारी गृहस्थांना बरं वाटत होतं, त्यामुळे सगळेच निघालो. यार्देनच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरलो आणि मग चढून यरुशलेमला. गेथशेमाने बागेत आठ प्राचीन जैतूनवृक्ष आहेत. त्यांतल्या काहींच्या खोडांचं वय तपासलं तेव्हा सुमारे नऊशे वर्षं निघालं, म्हणजे येशूला इथे अटक झाली त्या रात्रीचे साक्षी ते नव्हेत. तरी ते पिळवटलेले बुंधे पाहून गप्प व्हायला होतं. पेत्र इथे झोपला. मग उठून तलवार काढली आणि मुख्य याजकाचा दास मल्ख याचा कान कापला. जागं राहा सांगितलं तेव्हा झोप आणि थांब म्हणायच्या वेळी तलवार.

दुपारी सियोन डोंगराच्या उतारावरच्या गालिकांतु चर्चमध्ये गेलो. नावाचा अर्थच कोंबड्याचं आरवणं. कळसावर सोनेरी कोंबडा आहे. परंपरा सांगते की मुख्य याजक कयफाचा वाडा इथे होता. बाजूने प्राचीन दगडी पायऱ्यांची वाट खाली किद्रोनच्या खोऱ्याकडे उतरते. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात. तिथे माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला आणि सामान दोन-तीन पायऱ्या गडगडत गेलं.

अटकेच्या रात्री याजकाच्या अंगणात, कोंबडा आरवण्याआधी, पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं. चर्चच्या अंगणात त्या नाकारण्याचं शिल्प आहे. तो बसलेला, एक दासी त्याच्याकडे बोट दाखवतेय, सैनिक आहे, खांबावर कोंबडा. पाळकसाहेबांनी चारही शुभवर्तमानांतले ते भाग एकामागून एक वाचले. मी ते शेकडो वेळा ऐकलेत, पण तिथे प्रत्येक तपशील वेगळा ऐकू आला. मत्तयात त्याला बोलीवरून ओळखतात, गालीली हेल लपत नाही. लूक एकटाच सांगतो की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. आणि योहानात तिसरा प्रश्न विचारणारा आहे मल्खाचा नातलग : मी तुला त्याच्याबरोबर बागेत पाहिलं नाही काय?

हा प्रश्न ऐकून माझ्या तळहातांना घाम आला. चौकशीत मला जवळजवळ हेच विचारलं होतं. तुम्ही त्या बैठकीत नव्हता का?

पाळकसाहेब पुढे म्हणाले, "योहानाने इथल्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय, तो कोळशाच्या विस्तवाचा आहे. सबंध नव्या करारात तो फक्त दोनदा येतो. एकदा या अंगणात, पेत्र शेकत उभा असताना. दुसऱ्यांदा तुम्ही परवा पाहिलंत तिथे, ताबघाच्या किनाऱ्यावर."

आम्ही दोन्ही ठिकाणं उलट्या क्रमाने पाहिली होती. परवा मी त्या किनाऱ्यावर पाण्यात उभा राहून शांती शोधत होतो. आज कळलं, पेत्राला तिथे पोचल्या पोचल्या कोळशाचा वास आला असेल आणि पोटात खड्डा पडला असेल. येशूने तोच विस्तव पुन्हा पेटवून ठेवला होता. तू असं का केलंस, हा प्रश्न त्याने विचारला नाही. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा काम दिलं, आणि तेही दुसऱ्यांची काळजी घ्यायचं.

चर्चच्या तळघरात दगडात खोदलेला खड्डा आहे, येशूला रात्री तिथे कोंडलं असावं असं मानतात. मी खाली गेलो आणि लगेच वर आलो. इथे आणखी रडून काही व्हायचं नव्हतं.

दिवस पाचवा : यापो

डोंगरावरून किनाऱ्यावर. यापो आता तेल अवीवला लागूनच आहे. बंदर छोटं, मच्छीमारांच्या होड्या, जुन्या दगडी गल्ल्या. याच बंदरातून योना संदेष्टा देवापासून पळून गेला, परक्या निनवेकरांना देवाचा निरोप द्यायचा नव्हता म्हणून. आणि इथेच शिमोन बार्योना, म्हणजे योनाचा मुलगा, आपला पेत्र, परक्यांकडे जाण्यासाठी बोलावला गेला. नावाचा हा धागा मला इतके दिवस दिसला नव्हता.

गल्लीत दीपस्तंभाजवळ कातडी कमावणाऱ्या शिमोनाचं घर दाखवतात. खासगी मालकीचं आहे, दाराशी उभं राहून पाहायचं. मेलेल्या जनावरांची कातडी हाताळणारा म्हणून त्याच्याकडे धार्मिक माणसं मुक्कामाला जात नसत. पेत्र तिथे पुष्कळ दिवस राहिला.

समुद्राकडे तोंड करून बसलो आणि प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय वाचला. टबीथा नावाची एक शिष्या यापोत वारली. पेत्र आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवू लागल्या. याकोबाच्या पत्रातला तो उघड्या अंगाच्या भावाबहिणीचा दाखला आठवला. उबदार राहा असं नुसतं म्हणून काय उपयोग, असं तो विचारतो. टबीथाने बहुधा तसं म्हटलंच नसेल, सरळ सुई घेतली असेल.

मावशींनी मध्येच विचारलं, "पाळकसाहेब, ती स्वभावाने कशी होती, काही लिहिलंय?"

"नाही, मावशी. सत्कृत्यं आणि दानधर्म करण्यात तत्पर होती, एवढंच."

"बोलायची कशी?"

"तेही नाही."

मावशींनी मान हलवली आणि समुद्राकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी त्यांनी माझी तुटलेली पिशवी मागून घेतली. मी म्हटलं, जुनी आहे, टाकूनच देणार होतो. "टाकू नको, शिवता येते," म्हणाल्या.

दिवस सहावा : कैसरिया, आणि परत

किनाऱ्याने उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटर. हेरोदाने वसवलेलं रोमी शहर, रंगमंडळ, रथांच्या शर्यतींचं मैदान, समुद्रात बुडालेल्या बंदराचे दगड, वाळूत उभी असलेली जलवाहिनीची कमानींची रांग. 1961 मध्ये इथेच पिलाताचं, येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमी सुभेदाराचं, नाव कोरलेला दगड सापडला. मूळ दगड यरुशलेमच्या संग्रहालयात आहे, इथे प्रतिकृती.

शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा रोमी अधिकारी, कर्नेल्य याच शहरातला. पेत्र यापोहून त्याच्या घरी आला, सोबत सहा विश्वासू बंधू. कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं आणि मीही माणूसच आहे असं म्हणाला. हे वाक्य मी आजवर नम्रतेचं समजत होतो. अंगणातल्या त्या रात्रीनंतर ते त्याच्या तोंडून नुसतं नम्रतेचं कसं असेल? आपण कोण आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी उंबरठा ओलांडून तो आत गेला, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, राहिला, त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताच्या मंडळीचं दार त्या दिवशी उघडलं ते याच्या हाताने.

आणि पुढे अंत्युखियात हाच पेत्र माणसांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते सगळं लिहिलेलं आहे, झाकलेलं नाही. कैसरियात दार उघडणारा माणूसही पुन्हा चुकला आणि तरी मेंढरं पाळत राहिला. मी कमानींच्या सावलीत बसून हे वाचलं. नऊ वर्षं मी वाट पाहत होतो, आतून शुद्ध झाल्यासारखं वाटेल, मग त्या सहकाऱ्यापुढे जाईन. तसं वाटलं नव्हतं आणि बहुधा वाटणारही नव्हतं.

विमानतळावर तीन तास हातात होते. चेक-इनच्या रांगा उघडल्या नव्हत्या. मावशी बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पट्टा अजून पुरा झाला नव्हता. मी शेजारी बसून फोनवर लिहायला सुरुवात केली. एक प्रत ज्यांनी चौकशी केली त्यांच्यासाठी, एक त्याच्यासाठी. माझी नोकरी अजून तीन वर्षं आहे, याचा परिणाम काय होईल याची मला कल्पना आहे. पहिलं वाक्य चार वेळा पुसलं. लांबलचक होत होतं, त्यात माझी कारणं येत होती. शेवटी उरलं ते एवढंच : त्या बैठकीत मी होतो.

"दोरा ओव रे जरा," मावशींनी सुई पुढे केली, "मला भोक दिसत नाहीये."

फोन बाजूला ठेवला. दोऱ्याचं टोक ओलं करून, उजेडाकडे धरून सुईत ओवलं, गाठ मारून दिली. त्यांनी पट्ट्यात पहिला टाका घातला. मी फोन उचलला आणि पुढचं लिहायला घेतलं : बैठकीची तारीख, खोलीत कोण कोण होतं, कोण काय म्हणालं.